बंदूक घेण्यापूर्वीं अंगाचें माप पहा

बैल विकत घ्यावयाचा असला म्हणजे आपल्यांतील अगदीं भोळा शेतकरीसुद्धां किती गोष्टी पाहतो! दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो, आणि घरच्या बैलाशीं तो जोडीस उतरेल कीं नाहीं याचा मनाशीं अदमास घेतो. नांगराचें रुमणें बसवितांना सुतारास आपल्या कमरेशीं हात लावून उंची दाखवितो. कोयत्याची मूठ हातांत नीट बसली नाहीं तर ती तासून घेतल्यावांचून झाडावर चढत नाहीं. परंतु हाच शहाणा गृहस्थ पिकाच्या राखणीसाठीं बंदूक घ्यावयास मुंबईस गेला म्हणजे त्याचें सारें व्यवहारज्ञान दुकानाच्या उंबरठ्यापाशींच राहतें. जिची नळी चकचकीत, जिच्यावरील नक्षी सुबक आणि जिची किंमत खिशास परवडेल ती बंदूक तो उचलतो. ती आपल्या खांद्याची, आपल्या मानेची आणि आपल्या डोळ्याची आहे कीं नाहीं हा प्रश्न त्याच्या मनांतहि येत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, हा प्रश्न सर्वांत आधीं यावयास पाहिजे. आणि जी बंदूक अंगास बसत नाहीं व बसवितांहि येत नाहीं ती कितीहि नामांकित कारखान्याची व कितीहि स्वस्त असली तरी घेऊं नये.

हें आम्ही शिकारी म्हणून सांगत नाहीं. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालेले. शिक्षण मराठी शाळेंतलें. पूर्वींच्या कुलाबा व सन १९८१ पासून रायगड म्हणविल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कचेऱ्यांत आमची नोकरी झाली. शेतीसंरक्षणाच्या परवान्यासाठीं आलेले कितीतरी अर्ज आमच्या हाताखालून गेले. अर्जदाराच्या नांवें जमीन किती, सातबारा काय म्हणतो, रान किती जवळ, पिकाची नासधूस खरोखरी होते कीं नाहीं, हें सर्व आम्हीं तपासून लिहिलें. अर्जदाराचा हात किती लांब आणि त्याचा कोणता डोळा खरा हें मात्र आम्हीं कधीं विचारलें नाहीं, व तें विचारणें आमचें कामहि नव्हतें. तें काम ज्याचें त्यानें करावयाचें असतें. आम्हीं तें स्वतःच्या बाबतींतहि केलें नाहीं, आणि त्याचें फळ दुसऱ्यानें भोगलें. तीच हकीकत प्रथम सांगतों.

आमची वाडी व भाताचीं खाचरें मुरूड तालुक्यांत फणसाडच्या रानाच्या पायथ्याशीं आहेत. हें रान पूर्वीं जंजिऱ्याच्या नवाबांचें शिकारीचें राखीव रान होतें. सन १९८६ पासून तें अभयारण्य आहे. अभयारण्याची हद्द कागदावर असते, ती जनावरास ठाऊक नसते. भाद्रपदांत हळवें भात पोटरीस आलें कीं रानडुकरांचा कळप खालीं उतरतो. खातो थोडें, आणि तुडवून व लोळून नासतो फार. भात निघालें कीं वालाचीं शेतें आहेतच, आणि वाडींतील सुरण व कोनफळ यांस तर बारमास धोका. आम्हीं परवाना मिळविला आणि मुंबईच्या एका दुकानांतून १२ बोअरची जुनी विलायती दुनळी बंदूक घेतली. दुकानांत आम्ही पातळ सदरा घालून उभे होतों. बंदूक एकदांच खांद्यास लावली, "ठीक आहे" म्हटलें आणि पैसे मोजले.

पुढच्या भाद्रपदांत वन खात्याची रीतसर परवानगी हातीं आली. पहाट फुटत होती, पाऊस झिमझिमत होता, आमच्या अंगावर कांबळें होतें. डुक्कर बांधावर आलें; अंतर तीसेक पावलांचें. बंदूक उचलली तों दस्त्याचें टोंक कांबळ्यांत अडकलें. तें सोडवून खांद्याच्या खळग्यांत बसविण्यास सवड मिळाली नाहीं; तें दंडावरच टेकलें आणि तशाच स्थितींत चाप ओढला गेला. दंड आठ दिवस काळानिळा होता, त्याचें कांहीं नाहीं. पण मारा जनावराच्या खांद्यामागें न लागतां मागील पायास लागला, आणि तें किंचाळत रानांत शिरलें. आम्हीं लागलीच वन खात्यास कळविलें. शोध झाला, परंतु माग पावसानें धुऊन गेला होता. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्याच वाडीवरचा गडी गवत कापावयास गेला असतां करवंदीच्या जाळींतून तेंच लंगडें डुक्कर त्याच्या अंगावर आलें. मांडी गुडघ्यापासून वरपर्यंत फाटली. माणूस वांचला ही देवाची कृपा; पण आजहि तो पाय ओढीत चालतो आणि चिखलणीस उतरूं शकत नाहीं. त्याच्या घरचा खर्च आम्ही चालवितों. परंतु पायाची भरपाई पैशानें होत नाहीं. त्यानें आम्हांस एका शब्दानेंहि बोल लावला नाहीं, हेंच आम्हांस अधिक लागतें.

त्यानंतर ती बंदूक आम्हीं दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्यानें बंदुकीकडे पाहण्यापूर्वीं आमच्याकडे पाहिलें. हात, मान व खांद्यांची रुंदी यांवर फीत धरली आणि मग दस्ता मोजला. पुढच्या चापापासून दस्त्याच्या टोंकाच्या मध्यापर्यंत लांबी १४ १/२ इंच भरली. आमची उंची ५ फूट ४ इंच. "तुम्हांस १३ ३/४ इंच पुरे, कांबळें घालून मारावयाचें तर १३ १/२," असें तो म्हणाला, आणि पुढें म्हणाला, "साहेब, वहाण तरी पायांत घालून पाहतां ना?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यानें दस्त्याचें टोंक कापून नीट केलें. बंदुकीच्या किंमतीच्या मानानें तो खर्च कांहींच नव्हता. तो आधीं केला असता तर एक माणूस धड राहिला असता.

आतां या मापास इतकें महत्त्व कां, हें वाचकांनीं नीट समजून घ्यावें. रायफलीस मागें खांच व पुढें माशी असते. दोन्ही जुळवून नेम धरितात. आपल्या छऱ्याच्या बंदुकीस पुढें माशी असते, पण मागची खांच नसते. मागच्या खांचेचें काम नेमबाजाचा डोळा करितो. गाल दस्त्यावर टेकला म्हणजे डोळा जेथें येईल तीच खांच. म्हणजे खांच कोठें असावी हें दस्त्याचा आकार आणि आपल्या तोंडाची ठेवण मिळून ठरवितात. दस्त्याची वरची कड उंच असली तर डोळा नळीच्या वर राहतो आणि मारा वर जातो. कड फार खालीं असली तर माशीच दिसत नाहीं; ती दिसावी म्हणून गाल उचलावा लागतो, आणि उचललेला गाल दर वेळीं निराळ्या ठिकाणीं असतो. दस्ता आपल्या तोंडाच्या मानानें बाजूस वळलेला नसला, तर उजव्या हाताच्या माणसाचा डोळा नळीच्या डावीकडे राहतो आणि मारा डावीकडे पडतो.

चूक किती पडते याचा हिशेब सोपा आहे. डोळ्यापासून माशीपर्यंतचें अंतर सुमारें एक वार असतें. म्हणून डोळा जितका सरकेल त्याच्या सोळापट मारा १६ वारांवर सरकतो. सुताराचें एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डोळा एक सूत चुकला तर १६ वारांवर २ इंच आणि ३२ वारांवर ४ इंच चूक. पाव इंच चुकला तर ३२ वारांवर ८ इंच, म्हणजे जवळजवळ एक वीत. बारीक छऱ्याच्या काडतुसांत शेंकडों छरे असतात. ते पसरतात व विताची चूक कांहीं अंशीं झांकून घेतात. परंतु डुकरासाठीं वापरावयाच्या एस. जी. काडतुसांत मोठे गोळे नऊच्या आसपास असतात, व एल. जी. मध्यें त्याहूनहि कमी. रानडुकराचें मर्मस्थान वितीहून फार मोठें नसतें. तेथें विताची चूक म्हणजे एक तर बार फुकट, नाहीं तर पोटांत किंवा पायांत जखम. फुकट गेलेला बार परवडला. जखमी डुक्कर परवडत नाहीं. तें मुका जीव म्हणून हाल भोगतें तें वेगळेंच, आणि त्याच्या वेदनेचा सूड वाटेवरच्या निरपराध माणसावर उगवतो.

आपल्याकडील बंदुका आपल्या अंगाच्या नसतात याचें कारण त्या आपल्यासाठीं घडविलेल्याच नसतात. घरोघर असलेल्या जुन्या दुनळी बंदुकांपैकीं पुष्कळ इंग्लंडांतील व बेल्जममधील लिएजच्या कारागिरांच्या आहेत. त्या थोराड बांध्याच्या, लांब मानेच्या व लांब हातांच्या लोकांच्या मापानें घडल्या. त्या देशांत चांगल्या बंदुकीचें गिऱ्हाईक शिंप्याकडे जावें तसें बंदूक करणाऱ्याकडे जातें. लंडनचें पर्डी हें घराणें सन १८१४ पासूनचें. अशा घराण्यांत सांधे असलेल्या दस्त्याची एक माप-बंदूक ठेवितात, तिची लांबी, उतार व वळण गिऱ्हाइकाच्या अंगास जुळेपर्यंत कमीजास्त करितात आणि त्या मापावर अक्रोडाचा दस्ता कोरतात. अर्थात् अशी बंदूक एकाच्या मापाची असते. ती पुढें दुसऱ्याच्या हातीं गेली म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा घातल्यासारखें होतें. इशापूरच्या सरकारी कारखान्याची किंवा मुंगेरची नवी बंदूक घेतली तरी तिचा दस्ता ठरीव मापाचा असतो. घेणाऱ्यांत कोणी उंच, कोणी ठेंगणा, कोणी रुंद छातीचा. तेव्हां जुनी असो वा नवी असो, पाहून घेणें चुकत नाहीं.

पाहावें कसें, तें आतां क्रमानें सांगतों. बंदूक हातांत घेतांच ती मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हें स्वतः पाहावें, आणि बरोबरच्या माणसास पाहावयास लावावें. दुकानदारानें "रिकामी आहे" म्हटलें म्हणून विश्वासूं नये. बोलण्यानें नळी रिकामी होत नाहीं.

दुसरी गोष्ट, ज्या पोषाखांत राखण करावयाची तो पोषाख बरोबर न्यावा. आपलें डुक्कर पावसाळ्यांत येतें व आपण तेव्हां कांबळें पांघरलेले असतों. जाड कांबळ्यानें दस्त्याची लांबी सहज पाव इंच वाढल्यासारखी होते. दुकानांत कांबळें खांद्यावर घेण्याची लाज वाटूं देऊं नये. आम्हांस ती वाटली असती म्हणूनच आम्हीं तें नेलें नाहीं.

तिसरी गोष्ट डोळ्याची, आणि ही तर घरच्या अंगणांतच पाहतां येते. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या माडाच्या शेंड्यावर हात लांब करून बोट धरावें. मग डावा डोळा मिटावा. बोट शेंड्यावरच राहिलें तर उजवा डोळा धनी. बोट बाजूस उडी मारून गेलें तर डावा डोळा धनी. उजव्या हाताचे पुष्कळ लोक डाव्या डोळ्याचे असतात आणि जन्मभर त्यांस तें कळत नाहीं. त्यांची बंदूक नीट असूनहि नेम सारखा एका अंगास जातो, व ते बिचारे काडतुसांस दोष देतात. अशानें एक तर नेम धरतांना डावा डोळा मिटण्याची सवय करावी, किंवा लहान वय असेल तर डाव्या खांद्यावरून मारण्यास शिकावें. पण हें बंदूक घेण्यापूर्वीं कळावयास पाहिजे, कारण उजव्या खांद्यासाठीं वळविलेला दस्ता डाव्या खांद्यास उलटा पडतो.

चौथी गोष्ट लांबीची. दस्त्याचें टोंक कोपराच्या आंतल्या बांकांत ठेवून बोट चापास पोंचतें कीं नाहीं हें पाहण्याची रीत खेडोपाडीं प्रसिद्ध आहे. ती अगदीं टाकाऊ नाहीं, पण तिच्यावर भिस्त ठेवूं नये. तिनें हाताचें माप कळतें; मान, छाती व खांदे यांचें कळत नाहीं. खरी परीक्षा अशी कीं, बंदूक खांद्याच्या खळग्यांत बसवावी, गाल टेकवावा आणि मुठीवरील आंगठा व नाक यांमध्यें किती जागा राहते तें पाहावें. आडवीं दोन बोटें मावतील इतकी जागा असावी. आंगठा नाकास लागूं लागला तर दस्ता आंखूड. बार उडतांच तोच आंगठा नाक फोडतो. उचलतांना टोंक काखेंत किंवा कापडांत अडकत असेल तर दस्ता लांब.

पांचवी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक खूण निवडावी. त्या बाजूस, भिंतीपलीकडेहि, कोणी माणूस नसावें. खुणेकडे पाहून डोळे मिटावे, बंदूक सहजपणें खांद्यास लावावी, गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावे. मान हलवूं नये. माशी खुणेवर व नळीच्या मध्यरेषेवर दिसली तर ती बंदूक आपली. नळीची पाठ लांबच्या लांब पसरलेली दिसली तर कड उंच आहे. नळीच्या मागच्या भागानें माशी झांकली गेली तर कड खालीं आहे. माशी एका अंगास दिसली तर वळण चुकीचें आहे. हें एकदां करून भागत नाहीं, दहा वेळां करावें. पहिल्या दोनतीन वेळीं माणूस नकळत मान वांकवून बंदुकीस सांवरून घेतो. दमल्यावर खरें तें बाहेर येतें. कोणी सांगतात कीं दुकानदारास समोर उभें करून त्याच्याकडून डोळा पाहून घ्यावा. आमचा याला सक्त विरोध आहे. रिकामी झाली तरी बंदूक माणसाकडे रोखूं नये. तेंच काम समोर आरसा ठेवून होतें.

वजनाचेंहि पाहावें. १२ बोअरची दुनळी बंदूक साधारण ६ १/२ ते ७ १/२ पौंड असते. हलकी बंदूक उचलण्यास बरी पण तिचा धक्का जास्त. जड बंदूक धक्का कमी देते, पण बांधावर तासभर उभ्या राहिलेल्या साठीच्या माणसाचे हात थरथरूं लागतात. तोल नळ्यांच्या सांध्याजवळ असावा. नळीकडे जड असलेली बंदूक चाप ओढतांना खालीं झुकते.

ठासणीच्या बंदुकीविषयीं दोन शब्द. सन १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पिकाच्या राखणीसाठीं तिचा निराळा उल्लेख आहे, आणि कोंकणांत अशा बंदुका अजून पुष्कळ आहेत. तिचा बार एकच. चुकला तर दुसरा ठासण्यास जनावर थांबत नाहीं. म्हणून तिच्या बाबतींत माप अधिकच नेमकें पाहिजे. शिवाय या बंदुका बहुधा वडिलार्जित असतात. वडिलांच्या पश्चात् परवाना मुलाच्या नांवें झाला म्हणून वडिलांचे हात मुलास येत नाहींत. वारशानें आलेल्या बंदुकीचीहि वरील सर्व परीक्षा नव्या बंदुकीप्रमाणेंच करावी.

यावर आमचे शेतकरी बंधु तीन आक्षेप घेतील, ते आम्हीं गांवोगांवीं ऐकले आहेत. पहिला असा कीं, "हातास सवय होते, सर्व बंदुका सारख्याच." जूं बेताचें नसलें म्हणजे बैलाचा खांदा येतो, बैलास त्या जुंवाची सवय होत नाहीं, तो फक्त ओढावयाचा कंटाळा करूं लागतो. माणसाचेंहि तसेंच. धक्का देणारी बंदूक तो अंगापासून दूर धरूं लागतो, चाप ओढण्यापूर्वीं डोळे मिटूं लागतो. त्यास सवय म्हणावयाचें असेल तर म्हणावें, पण ती वाईट सवय आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, "आम्ही जनावर मारीत नाहीं, नुसता बार काढून पिटाळतों, त्यास माप कशाला?" पिटाळणें हाच बहुतेक वेळां उत्तम उपाय आहे, हें आम्हांसहि मान्य आहे, डबा बडविण्यानें काम होत असेल तर बंदुकीस हात लावूंच नये. परंतु आपल्या किनाऱ्यावर घरें एका ठिकाणीं नसतात. माडापोफळींच्या आड कोणाची झोंपडी, कोणाचा गोठा, कोणाची पायवाट असते. मोठा गोळा कांहींशें वार जाऊं शकतो. धक्क्याच्या भीतीनें काखेंत धरून सोडलेला बार कोणीकडे जाईल तें सोडणाऱ्यासहि सांगतां येणार नाहीं.

तिसरा आक्षेप पैशाचा. "आवडली नाहीं तर बदलून घेऊं." बंदूक म्हणजे पागोटें नव्हे. घेतलेल्या बंदुकीचा नंबर परवान्यावर चढतो, आणि ती विकावयाची किंवा बदलावयाची तर पुन्हां अर्ज, पुन्हां फेऱ्या. त्या फेऱ्या अलिबागेपर्यंत किती होतात हें आमच्याइतकें कोणास ठाऊक असणार? म्हणून आधीं एक दिवस खर्च करणें हेंच स्वस्त. बंदूक पसंत असून फक्त दस्ता लांब असेल, तर तो कापून मिळेल कीं नाहीं व त्याचा खर्च किती, हें सौदा ठरण्यापूर्वींच विचारावें. लांब दस्ता आंखूड करतां येतो; आंखूड दस्त्यास टोंकाशीं जाड रबराची गादी लावून अर्धा पाऊण इंच वाढवितां येतो; परंतु वळण व उतार बदलणें चांगल्या कारागिराचेंच काम, आणि कांहीं दस्त्यांत तें होतहि नाहीं.

येथें एक इशारा देणें आमचें कर्तव्य आहे. दस्ता कापणें वेगळें आणि नळी कापणें वेगळें. नळीकडे जड वाटते म्हणून नळीच करवतीनें आंखूड करण्याची बुद्धि कोणास होईल, तर ती गुन्ह्याची बुद्धि होय. परवान्यावांचून नळी आंखूड करण्यास १९५९ च्या कायद्यानें मनाई आहे, आणि राखणीच्या काडतुशी बंदुकीची नळी २० इंचांहून कमी चालत नाहीं. दुरुस्तीहि परवानाधारक कारागिराकडूनच करावी. गांवच्या लोहारास किंवा सुतारास अडचणींत घालूं नये. तसेंच शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा हुकूम नव्हे. सन १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें रानडुक्कर मारण्यास वन खात्याच्या अधिकाऱ्याची निराळी परवानगी लागते, आणि मारलेलें जनावर सरकारचें असतें. माप जुळलें म्हणून कायदा सुटला असें कोणीं समजूं नये.

आतां आपल्या संघापुढें एक सूचना. सन २०१६ च्या शस्त्र नियमांनीं परवाना मागणारास शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याच्या शिक्षणाची अट घातली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण तुमच्या खांद्याचें माप तुमच्यासाठीं सरकार घेणार नाहीं. तें काम संघानें करावें. खरी माप-बंदूक ठेवावयाची तर परवान्याची अडचण. परंतु नळी, चाप, कांहींच नसलेला, नुसत्या लाकडाचा, टोंकाशीं पाव पाव इंचाच्या फळ्या कमीजास्त करतां येतील असा दस्त्याच्या आकाराचा ठोकळा कोणीहि सुतार करून देईल. तो कांबळें पांघरून खांद्यास लावावा, गाल टेकवावा, आणि जी लांबी जुळेल ती एका चिठ्ठीवर लिहून द्यावी. त्या चिठ्ठीवर धनी डोळा कोणता हेंहि लिहावें. दर वर्षीं मृगापूर्वीं एक दिवस अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन अशा ठिकाणीं हें काम केलें तर ज्यास बंदूक घ्यावयाची आहे तो दुकानांत चिठ्ठी घेऊन जाईल, आणि नक्षीच्या मोहास पडणार नाहीं. ज्यांच्या घरीं आधींच बंदूक आहे त्यांनींहि घरच्या दस्त्याचें माप त्या चिठ्ठीशीं ताडून पाहावें. असा पहिला ठोकळा करविण्याचा खर्च देण्यास आम्ही तयार आहों.

पीक राखणें हा आपला धर्म आहे, आणि त्यासाठीं हातीं शस्त्र घेतलें तर तें नेमकें चालविणें हाहि त्याच धर्माचा भाग आहे. आमच्या वाडीवर भाद्रपदांत आतांहि डुक्कर येतें. बंदूक आतां आमच्या अंगाची आहे. पण ती उचलण्यापूर्वीं आमची दृष्टि दर वेळीं आधीं त्या गड्याच्या झोंपडीकडे जाते, आणि पुष्कळदां आम्ही डबाच बडवितों. वाचकांवर असा प्रसंग येऊं नये एवढ्याचसाठीं हा लेख लिहिला आहे.